ख्रिस्ती नरक चित्रगुप्ताच्या वहीने का समजत नाही

‘नरक’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उकळत्या तेलाची कढई येते, यमदूत येतात आणि वही उघडून बसलेला चित्रगुप्त येतो. गरुडपुराणातून आणि कीर्तनांतून आलेल्या या चित्राला स्वतःचा पक्का हिशेब आहे. अमुक पापाला अमुक यातना, आणि ती भोगून झाली की पुढचा जन्म. मराठी बायबलातही ‘नरक’ हाच शब्द असल्यामुळे वाचणारा हेच चित्र सोबत घेऊन आत शिरतो आणि घोळ सुरू होतो. ख्रिस्ती विचारात पुढचा जन्म नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (९:२७) स्पष्टच म्हटलंय की माणसाला एकदाच मरायचं आहे आणि त्यानंतर न्याय. पापागणिक यातनांचं दरपत्रकही बायबलात कुठे सापडत नाही.

शब्द उसने घ्यावे लागतात, त्याला इलाज नसतो. १६१६ साली छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीत स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ शब्द घेतला. गोव्यातले कोंकणी ख्रिस्ती आजही नरकाला ‘यमकोंड’ म्हणतात. पण उसन्या भांड्याला आधीच्या भाजीचा वास राहतोच, म्हणून आधी भांडं घासून घेऊ.

शब्द नेमके कोणते

बायबलाच्या पहिल्या भागात, म्हणजे जुन्या करारात, साठपेक्षा जास्त वेळा येणारा हिब्रू शब्द आहे ‘शिओल’. तिथे सगळेच मेलेले जातात, भले आणि बुरेही. योसेफ मेला असं समजून शोक करणारा त्याचा बाप याकोब म्हणतो की मी रडत रडतच शिओलात जाईन, तेव्हा तो स्वतःला पापी ठरवत नसतो. ग्रीक नव्या करारात याच अर्थाचा शब्द ‘हेडीस’. मराठी भाषांतरात दोन्हींना साधारणपणे ‘अधोलोक’ म्हणतात, आणि तो शब्द चपखल आहे.

‘नरक’ ज्याचं भाषांतर आहे तो शब्द ‘गेहेन्ना’. तो नव्या करारात फक्त १२ वेळा येतो, त्यातला ११ वेळा येशूच्या तोंडी आणि एकदा याकोबाच्या पत्रात. आणखी एक शब्द, ‘टार्टरस’, एकदाच येतो, तोही पतित देवदूतांबद्दल. प्रकटीकरण या बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात अखेरीस ‘अग्नीचं सरोवर’ आहे आणि २०व्या अध्यायात मरण आणि अधोलोक हे दोघेही त्या सरोवरात टाकले जातात. म्हणजे अधोलोक ही निकालाआधी थांबण्याची जागा आणि नरक हा निकालानंतरचा शेवट. दोघांची सरमिसळ झाली की पुढचं काहीच नीट लागत नाही.

साधं उदाहरण म्हणजे प्रेषितांचा विश्वासांगीकार, चर्चमध्ये म्हटली जाणारी विश्वासाची कबुली. त्यात येशूविषयी ‘तो अधोलोकात उतरला’ असं वाक्य आहे. जुन्या इंग्रजी पाठात तिथे नरकाचाच शब्द असल्याने ‘येशू नरकात कशाला गेला?’ हा प्रश्न हमखास येतो. मूळ अर्थ असा की तो खरोखर मेला, मेलेल्यांच्या जागी गेला आणि ती जागा त्याने फोडली. इस्तंबूलच्या जुन्या खोरा चर्चमध्ये (आता ती मशीद आहे) १४व्या शतकाच्या सुरुवातीचं भित्तिचित्र आहे. पांढऱ्या वस्त्रातला येशू दोन्ही पाय फाकवून उभा आहे, एका हाताने आदामाला आणि दुसऱ्या हाताने हव्वेला शवपेटीतून ओढतोय. त्याने त्यांना मनगटाला धरलंय, हातात हात घेतलेला नाही. पायाखाली मोडलेली दारं आहेत आणि अंधारात कुलपं, खिळे, बिजागऱ्या विखुरल्या आहेत. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींना हा सिद्धांत शिकवायचा असतो तेव्हा ती आधी हे चित्र दाखवतात.

एक खरंखुरं खोरं

गेहेन्ना म्हणजे ‘हिन्नोमचं खोरं’. ते यरुशलेमच्या जुन्या शहराच्या पश्चिम-दक्षिण अंगाने जातं आणि आजही तिथे पायी फिरता येतं. आहाज आणि मनश्शे या यहूदी राजांनी या खोऱ्यात स्वतःची मुलं अग्नीत अर्पण केल्याचं इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात नोंदलंय. पुढे योशीया राजाने तिथलं ‘तोफेत’ हे बळीस्थान भ्रष्ट करून टाकलं, म्हणजे पुन्हा कुणी तिथे मोलख या देवापुढे पोरं जाळू नयेत. यिर्मया संदेष्टा म्हणतो, याला आता कत्तलीचं खोरं म्हणतील.

प्रवचनांत एक गोष्ट फार ऐकू येते. येशूच्या काळात हिन्नोम ही शहराची कचराकुंडी होती, तिथे रात्रंदिवस कचरा जळत असे, आणि त्यावरून नरकाची कल्पना आली. या गोष्टीला त्या काळातला आधार सापडत नाही. ती पहिल्यांदा लिहिलेली दिसते ती दाविद किम्ही या ज्यू भाष्यकाराकडे, साधारण १२०० सालच्या सुमारास. तेव्हा कचऱ्याची गोष्ट सोडून द्यावी. मूळ गोष्ट तिच्यापेक्षा भयंकर आहे. ज्या जागी आईबापांनी देवाच्या नावाने आपलीच लेकरं जाळली, त्या जागेचं नाव येशूने शेवटच्या नाशासाठी वापरलं. ऐकणाऱ्या यहुदी माणसाला नकाशा देण्याची गरज नव्हती.

(याच खोऱ्याच्या काठावर १९७९ साली गॅब्रिएल बार्काय या पुरातत्त्वज्ञाला एका थडग्यात चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या मिळाल्या. त्यांवर ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो’ हा मजकूर कोरलेला आहे. बायबलमधल्या मजकुराचा आजवर सापडलेला सर्वांत जुना लेख तो हाच.)

आग आणि काळोख एकत्र कसे?

येशूच्या बोलण्यात नरकाला कधी न विझणारी आग म्हटलंय, तर कधी ‘बाहेरचा अंधार’. आग आणि मिट्ट काळोख शब्दशः एकत्र बसत नाहीत. म्हणूनच कॅल्विनसारख्या कडक प्रोटेस्टंट सुधारकानेही या शारीरिक वर्णनांना प्रतिमाच मानलं. प्रतिमा म्हटल्याने गोष्ट सौम्य होत नाही, हे मात्र तोही सांगतो. ज्या वास्तवाला एका शब्दात धरता येत नाही त्यासाठी दोन-तीन प्रतिमा लागतात, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक गैरसमज म्हणजे सैतान नरकाचा राजा आहे आणि तो पाप्यांना त्रिशूळाने टोचतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात (२५:४१) म्हटलंय, ती आग ‘सैतान आणि त्याच्या दूतांसाठी’ तयार केली आहे. तो तिथला जेलर नाही, पहिला कैदी आहे. नऊ वर्तुळांची उतरंड, पापागणिक वेगळी जागा, तळाशी बर्फ, हे सगळं १४व्या शतकातल्या इटालियन कवी दांतेचं. त्याची प्रतिभा थोर होती आणि त्याचा नकाशा इतका पक्का बसला की लोक तो बायबलातला समजतात.

फाटकाजवळचा माणूस

पृथ्वीवरच्या निवडीचा अनंतकाळाशी संबंध काय, हे समजण्यासाठी लूक १६:१९-३१ मधला दाखला सावकाश वाचावा. एक श्रीमंत माणूस. जांभळी आणि तलम वस्त्रं, रोज मेजवानी. त्याच्या फाटकाजवळ लाजर नावाचा भिकारी, अंगभर फोड, कुत्री येऊन ते चाटतात. दोघेही मरतात. लाजर यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्या उराशी, श्रीमंत अधोलोकात यातनेत. (इथेही शब्द ‘हेडीस’ आहे, गेहेन्ना नाही.)

श्रीमंताने चोरी केली, खून केला, लाजराला हाकलून दिलं, असं दाखल्यात कुठेही नाही. त्याच्यावर एकही आरोप नाही. मग चुकलं काय? यातनेतून तो ओरडतो ते ऐका: ‘बाबा अब्राहामा, लाजराला पाठव, तो बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करील.’ म्हणजे त्याला नाव ठाऊक होतं. इतकी वर्षं फाटकाशी पडलेला माणूस त्याला अनोळखी नव्हता. आणि मेल्यावरही त्याच्या लेखी लाजर हा पाठवण्याजोगा गडीच आहे. ‘लाजरा, माझं चुकलं’ हे शब्द त्याच्या तोंडून येत नाहीत. तो लाजराशी बोलतच नाही, अब्राहामामार्फत हुकूम सोडतो. दुसऱ्यांदा मागणी करतो तीही तशीच: लाजराला माझ्या पाच भावांकडे पाठव. इथून मला बाहेर काढा, असं तो एकदाही म्हणत नाही.

अब्राहाम म्हणतो की मध्ये मोठी दरी आहे, इकडून तिकडे कुणाला जाता येत नाही. ती दरी मरणानंतर अचानक पडली, असं दाखला वाचून वाटत नाही. फाटक आणि मेजवानीचं ताट यांच्यात ती रोज थोडी थोडी खणली जात होती. निवड म्हणजे एकदाच घेतलेला मोठा निर्णय असं आपण समजतो. इथे ती हजारदा न थांबता फाटक ओलांडून जाण्यात आहे.

मत्तय २५ मधला मेंढरं आणि शेरडं यांचा न्यायही याच अंगाने जातो. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला, अशा सहा जणांची यादी आहे. डावीकडच्यांनी त्यांना छळलेलं नाही, फक्त काही केलेलं नाही. आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजू चकित होतात. ‘प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?’ हे उजवीकडचेही विचारतात. पुण्य साठवतोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मग वही आहे की नाही?

प्रकटीकरण २०:१२ मध्ये पुस्तकं उघडली जातात आणि ज्याच्या त्याच्या कृत्यांप्रमाणे न्याय होतो. चित्रगुप्त मागच्या दाराने आलाच की! पण तिथेच आणखी एक पुस्तक उघडलं जातं, ‘जीवनाचं पुस्तक’, आणि निकाल त्यात नाव असण्यावर ठरतो. नव्या कराराची शिकवण अशी की पुण्याची रक्कम भरून तारण विकत मिळत नाही. ते कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने मिळतं (इफिसकरांस २:८). कृत्यं ही किंमत नसून खूण आहेत. आंब्याचं झाड आंबे आल्यामुळे आंब्याचं होत नाही, पण वर्षानुवर्षं मोहरच धरला नाही तर मुळाशी काहीतरी बिघडलंय हे शेतकऱ्याला कळतं. ‘कृतीविना विश्वास निर्जीव’ असं याकोब म्हणतो ते याच अर्थाने.

कृत्यांचं या कृपेत नेमकं स्थान काय, यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शतकानुशतकं भांडले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि प्रोटेस्टंटांपैकी लुथरन जागतिक संघ यांनी मुख्य मुद्द्यावर एकमताच्या घोषणेवर सह्या केल्या. फरक उरले आहेत, पण ‘कॅथलिक लोक पुण्य देऊन स्वर्ग घेतात’ हे म्हणणं आता अडाणीपणाचं ठरेल.

तसाच दुसरा अडाणीपणा पापक्षमापत्रांबद्दल. १५१७ मध्ये प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन लुथरने ज्यांवर हल्ला चढवला ती पत्रं ‘नरकातून सुटका’ म्हणून विकली जात नव्हती. ती परगेटरीबद्दल होती. परगेटरी म्हणजे देवाशी नातं जुळलेल्या पण अजून मळ राहिलेल्या आत्म्याची शुद्धी. तिथे गेलेला प्रत्येक जण शेवटी स्वर्गातच जातो. विक्री लाजिरवाणी होती हे खरंच, पण नरकातून बाहेर यायचं तिकीट कॅथलिक शिकवणीत कधीच नव्हतं. प्रोटेस्टंट मंडळी परगेटरी मानत नाहीत.

कोणतं पाप इतकं मोठं?

कॅथलिक शिकवण इथे वकिली नेमकेपणाने बोलते. देवाशी नातं तोडणारं ‘मर्त्य पाप’ व्हायला तीन अटी एकाच वेळी लागतात: गोष्ट गंभीर असावी, ती गंभीर आहे हे माणसाला पूर्ण ठाऊक असावं, आणि त्याने ती स्वतःच्या इच्छेने केलेली असावी. तिन्हींपैकी एक जरी ढिली असेल, अज्ञान, जबरदस्ती, व्यसनाची पकड, मनाचा आजार, तर दोष कमी होतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ नरकाची व्याख्या करतो ती ‘देवाच्या सहवासातून स्वतःला कायमचं वगळून घेणं’ अशी, आणि देव कुणालाही आधीपासून नरकासाठी नेमत नाही, हेही तिथेच सांगतो.

परतीचा मार्ग म्हणजे पापनिवेदन, गोव्यात ‘कुमसार’. आधी विवेक तपासायचा, मनापासून खंत करायची, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा, मग धर्मगुरूपुढे कबुली, आणि त्याने सांगितलेलं प्रायश्चित्त. बिघडतं ते बहुधा शेवटी. क्षमा मिळाली म्हणजे भरपाई माफ झाली, असं लोक धरतात. तसं नाही. चोरलेलं परत करावं लागतं, कुणाची बदनामी केली असेल तर ती खोडून काढावी लागते. जकातदार जक्कय येशूला म्हणाला होता, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवून घेतलेलं चौपट परत. प्रोटेस्टंट पद्धतीत कबुली थेट देवापाशी, पण येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली अट त्यांनाही लागू आहे: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याशी काही बिनसलंय हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे भीती. काही माणसांना प्रत्येक विचार पाप वाटू लागतो, कबुली देऊन बाहेर पडताच पुन्हा शंका येते. अशांना अनुभवी धर्मगुरू जास्त कबुलीजबाब नाही, कमी द्यायला सांगतात, आणि गरज असेल तर डॉक्टरकडे पाठवतात.

मेल्यावर का बदलता येत नाही?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. सत्तर वर्षांची चूक आणि अनंत परिणाम, हा कुठला न्याय? याला जुनं उत्तर आहे कुंभाराचं. दुसऱ्या शतकातल्या एका ख्रिस्ती प्रवचनात, जे पुढे रोमच्या क्लेमेंटच्या नावावर खपलं, म्हटलंय की चाकावरचं भांडं वाकडं झालं तर कुंभार तोच गोळा मळून पुन्हा घडवतो. पण एकदा भट्टीत घातलं की मग काही करता येत नाही. ज्याने कुंभाराचा आवा पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. आवा मडक्याला नवा आकार देत नाही. जो आकार आहे तोच पक्का करतो.

थॉमस अक्वायनस यांनी १३व्या शतकात हेच तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडलं: देह असेपर्यंत इच्छा इकडेतिकडे वळते, देहापासून सुटलेला आत्मा ज्याला शेवटचं ध्येय मानून बसला तिथेच स्थिर होतो. पूर्वेकडचा सातव्या शतकातला संन्यासी निनवेचा इसहाक आणखी वेगळं म्हणतो. गेहेन्नातल्यांना मारतं ते देवाचं प्रेमच. ज्या प्रेमाचा त्यांनी अपमान केला त्याचाच चाबूक.

सगळ्यांना हे पटलेलं नाही, आणि हा वाद चर्चच्या आतलाच आहे. मत्तय २५:४६ मध्ये ‘सार्वकालिक शिक्षा’ आणि ‘सार्वकालिक जीवन’ एकाच वाक्यात येतात, ग्रीक विशेषण एकच, ‘आयोनिओस’. पाचव्या शतकात ऑगस्टिन म्हणाले, जीवन अंतहीन तर शिक्षाही अंतहीन. बहुसंख्य चर्चेस आजही याच मताची. दुसरा पक्ष म्हणतो की परिणाम कायमचा, भोगणं नव्हे: यहूदाच्या पत्रात सदोमला ‘सार्वकालिक अग्नी’ची शिक्षा झाली असं आहे आणि ती आग तर केव्हाच विझली. या मतानुसार शेवटी दुष्ट नष्टच होतात. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट हा प्रोटेस्टंट पंथ हेच शिकवतो. पुण्यात औंधला त्यांचं स्पायसर विद्यापीठ आहे, तिथे हा विषय रीतसर शिकायला मिळतो. तिसरा पक्ष, ओरिजेन आणि निस्साचे ग्रेगरी या प्राचीन ख्रिस्ती विचारवंतांपासूनचा, शेवटी सगळेच शुद्ध होऊन परत येतील असं मानतो. ओरिजेनच्या नावावरची ही शिकवण सहाव्या शतकात धिक्कारली गेली; ग्रेगरी मात्र संतच राहिले. ‘सगळे तरतील असं ठामपणे शिकवू नये, तशी आशा मात्र धरावी’ इथवर बरेच कॅथलिक विचारवंत आज येतात.

अमुक माणूस नरकात गेला का?

चर्चने हजारो जणांना संत घोषित केलंय, म्हणजे ते स्वर्गात आहेत असं सांगितलंय. अमुक माणूस नरकात आहे, असं कॅथलिक चर्चने एकाही व्यक्तीबद्दल जाहीर केलेलं नाही. ज्यांच्यापर्यंत सुवार्ता पोचलीच नाही त्यांच्याबद्दल कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे विवेकाला धरून वागतात, तेही तरू शकतात. कित्येक प्रोटेस्टंट गटांना हे फार सैल वाटतं.

घरात हा प्रश्न सर्वांत बोचरा होतो तो आत्महत्येनंतर. १९१७च्या चर्च कायद्यात जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चचं दफन नाकारलं जायचं, त्यामुळे ‘तो नरकातच’ ही समजूत खोल रुजली. १९८३च्या कायद्यात ती तरतूद नाही. धर्मशिक्षणग्रंथ कृत्य गंभीरच मानतो, पण मनाचा तीव्र आजार, भीती, यातना यांनी जबाबदारी कमी होते, अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये आणि चर्च त्याच्यासाठी प्रार्थना करतं, असंही सांगतो. वर सांगितलेली तिसरी अट, स्वतःची इच्छा, इथे कामी येते. म्हणून अशा माणसासाठीही मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होते. आणि २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, वसईतल्या चर्चच्या दफनभूमीत घरची माणसं कबरी झाडून फुलं ठेवतात, तेव्हा त्याच्याही कबरीवर शेजारच्यासारखीच मेणबत्ती लावता येते.